मलिक अंबर खेळात उतरला तर

मोगल चित्रकार अबुल हसन यानं १६१६ च्या सुमारास जहांगीर बादशहासाठी काढलेलं एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. मासा, माशाच्या पाठीवर बैल, बैलावर पृथ्वीचा गोल आणि त्या गोलावर उभा असलेला बादशहा धनुष्य ताणून बाण सोडतो आहे. समोर भाल्याच्या टोकावर एका काळ्या माणसाचं तोडलेलं मुंडकं खोचलं आहे आणि त्यावर घुबड बसलं आहे. ते मुंडकं मलिक अंबरचं. असं प्रत्यक्षात कधीच घडलं नाही. निजामशाहीचा हा हबशी कारभारी १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात पोचल्यावर, वयानं थकून गेला. तोवर नगर-दौलताबादच्या मुलखात त्यानं मोगल फौजांना वर्षानुवर्षं जेरीस आणलं होतं. जे रणात साधलं नाही ते बादशहानं कागदावर साधून घेतलं.

'खेळ' या विषयावरच्या अंकात व्हिडिओ गेममधल्या वर्णाबद्दल आणि स्त्री-पुरुषभेदाबद्दल लिहायचं तर सुरुवात या चित्रापासून करायला हवी. धनुष्य कुणाच्या हाती द्यायचं आणि नेमाला कुणाला उभं करायचं, हे ठरवणाऱ्याच्या हातात बाकीचं बरंचसं येतं. या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा मोजदादीवर येऊन थांबते: पडद्यावर काळी माणसं किती, बायका किती, त्यांच्या अंगावर कपडे किती. ती मोजदाद करायलाच हवी, पण तेवढ्यानं भागत नाही. खेळाचा नियम त्या देहाला किती पळू देतो, कुणावर हुकूम चालवू देतो, कोणतं काम त्याच्या वाट्याला देतो, यात त्याचं खरं स्थान ठरतं. हे तपासून बघायला नगर जिल्ह्याइतकी योग्य जागा सापडणं अवघड आहे. इथलं राज्य एका आफ्रिकी माणसानं चालवलं, इथला किल्ला एका बाईनं लढवला आणि जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंचं नाव आता साऱ्या जिल्ह्याला आहे.

मुस्तफाची लाथ

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत व्हिडिओ गेमची पार्लरं पोचली. अंधारी खोली, दोन-तीन मशिनं, नाणं टाकून उभ्यानं खेळायचं आणि मागे पाळीसाठी ताटकळणारी पोरं. या मशिनांवर कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ चा एक खेळ असे. त्याचं छापील नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', पण त्या नावानं तो कुणी ओळखतच नसे. सगळे त्याला 'मुस्तफा' म्हणत. खेळात निवडायला चारजण होते: जॅक टेनरेक हा गोरा नायक, हॅना डंडी ही बाई, मेस नावाचा धिप्पाड गडी आणि मुस्तफा कैरो हा पिवळी टोपी घातलेला, सावळ्या वर्णाचा इजिप्शियन नावाचा तरुण. कंपनीनं नायक म्हणून जॅकला पुढे केलं होतं, पण भारतभरच्या पोरांनी खेळाला मुस्तफाचं नाव दिलं.

याचं कारण त्याच्या लाथेत होतं. दांडी एकाच दिशेला दोनदा झटकली की मुस्तफा धावत सुटे आणि धावता धावता उडी मारून जी लाथ घाली तिनं समोरचे दोघे-तिघे एकदम आडवे होत. चौघांत तो सर्वांत चपळ होता. एक नाणं जास्तीत जास्त वेळ पुरवायचं तर मुस्तफाच घ्यायला हवा, हे पोरांनी अनुभवानं ठरवलं होतं. खेळणाऱ्याला आपल्यासारखाच किंवा गोराच नायक लागतो, या समजाला याहून मोठा धक्का दुसऱ्या कुठल्या खेळानं दिला असेल असं वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल की मग वर्ण, लिंग यांना महत्त्व नाही असंच हे सिद्ध होतं. ज्याची लाथ भारी त्याला लोक निवडतात. माझ्या मते यातून नेमकं उलटं निघतं. मुस्तफाला ती लाथ आपोआप मिळालेली नव्हती, कुणीतरी बसून ती त्याला दिली होती. त्याच कंपनीच्या १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये भारताचा म्हणून जो धालसिम आला त्याला गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हातपाय आणि तोंडातून निघणारी आग मिळाली. त्याच खेळातल्या काळ्या अमेरिकी मुष्टियोद्ध्याला फक्त ठोसे मिळाले. सगळ्या वाटण्या टेबलाशी बसलेल्या माणसांनी केल्या होत्या. मुस्तफाच्या वाट्याला वेग आला म्हणून तो लाडका झाला. धालसिमच्या वाट्याला योगी आणि जादूटोणा यांची खिचडी आली, म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला तो चमत्कारिक म्हणून.

आजही हेच चालू आहे, फक्त मशीन खिशात आलं. फ्री फायर या मोबाइलवरच्या खेळावर भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. त्याची मॅक्स आवृत्ती चालू राहिली आणि गावागावातली पोरं पाराशी, एसटी स्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर स्क्वॉड करून ती खेळू लागली. त्यातलं केली हे धावपटू मुलीचं पात्र मुलगेही बिनदिक्कत घेतात, कारण तिच्या अंगभूत कौशल्यानं पळण्याचा वेग वाढतो. केलीच्या वेळी 'मुलगी होऊन कसं खेळायचं' हा प्रश्न कुणाला पडत नाही. नियमानं दिलेलं बळ खेळणारा मुकाट्यानं स्वीकारतो आणि म्हणूनच ते बळ वाटणाऱ्याची जबाबदारी मोठी.

जन्माबरोबर मिळणारे गुण

जादूच्या दुनियेतल्या भूमिका-खेळांत सुरुवातीलाच 'वंश' निवडायचा असतो. २०११ च्या 'स्कायरिम' मध्ये असे दहा वंश आहेत आणि निवडलेल्या वंशाप्रमाणे काही कौशल्यं जन्मतःच वरचढ मिळतात: कुणी तलवारीत, कुणी मंत्रविद्येत, कुणी चोरीत. याच मालिकेतल्या २००२ च्या 'मॉरोविंड' मध्ये तर एकाच वंशाच्या स्त्रीला आणि पुरुषाला ताकद, बुद्धी, चिकाटी यांचे आकडे वेगवेगळे मिळत. खेळणाऱ्यानं एक पाऊलही टाकण्याआधी त्याच्या पात्राची कुवत जन्मावरून मांडून ठेवलेली. मराठी वाचकाला यात काय खुपतं हे वेगळं सांगायला नको. जन्मावरून कुवत ठरवण्याच्या व्यवस्थेशी या भूमीनं फुले-आंबेडकरांच्या काळापासून झुंज घेतली आहे. खेळात ती केवळ सोयीची आकडेवारी म्हणून आली, तरी अकरा-बारा वर्षांचं मूल शेकडो तास तिच्यात वावरतं. खेळ करणाऱ्यांनाही हे हळूहळू उमगलं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशा सगळ्या खेळांच्या मूळपुरुषानं २०२० पासून वंश आणि गुणांचे आकडे यांची गाठ सैल करत आणली.

नकाशावरच्या राजनीतीच्या खेळांत ही गोष्ट आणखी लपून बसते. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' (२०१३) मध्ये अहमदनगरचं राज्य खेळायला घेता येतं. तिथे कुणाचा चेहरा काळा की गोरा याचा प्रश्नच येत नाही, नुसते रंगवलेले मुलूख दिसतात. पण राजा अल्पवयीन असला की राज्य प्रतिनिधी मंडळाकडे जातं आणि मूळ नियमाप्रमाणे त्या मंडळाला स्वतःहून युद्ध पुकारता येत नाही. नियम युरोपच्या राजघराण्यांकडे बघून केलेला, तिथे तो शोभूनही दिसतो. निजामशाहीची शेवटची तीस-चाळीस वर्षं मात्र प्रतिनिधींनीच लढवली: आधी चांदबिबीनं, मग मलिक अंबरनं. पहिली बाई, दुसरा गुलाम म्हणून विकला गेलेला परदेशी, त्यामुळे दोघांनाही तख्तावर बसता येत नव्हतं. त्यांचं सगळं कर्तृत्व या प्रतिनिधीपणातच सामावलेलं आहे. खेळाच्या कर्त्यांनी कुणाचा द्वेष केला नाही, तरी नगरच्या इतिहासातली सर्वांत मोठी दोन माणसं नियमाच्या एका ओळीत बसेनाशी झाली.

'हे इतिहासात नव्हतंच'

युबिसॉफ्टनं मे २०२४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' जाहीर केला आणि जगभर कल्लोळ उठला. सोळाव्या शतकातल्या जपानच्या या खेळात दोन मुख्य पात्रं आहेत: नाओए ही हेरगिरी करणारी तरुणी आणि यासुके हा आफ्रिकी योद्धा. आक्षेप असा की काळा सामुराई इतिहासात नव्हता, आजच्या राजकारणापायी तो घुसडला. यासुके ही खरीखुरी व्यक्ती होती. जेझुइट पाद्री व्हालिन्यानो याच्याबरोबर तो १५७९ मध्ये जपानला पोचला आणि १५८१ मध्ये ओदा नोबुनागाच्या पदरी राहिला. त्याला काटेकोर अर्थानं सामुराई म्हणावं का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. पण आक्षेपामागचं गृहीतक त्याहून व्यापक असतं: त्या काळी आफ्रिकी माणूस पूर्वेकडच्या दरबारात मानानं वावरणं हेच अशक्य होतं, असं.

हे गृहीतक नगरच्या वेशीवर टिकत नाही. व्हालिन्यानो जपानला जाण्यापूर्वी १५७४ मध्ये गोव्यात उतरला, त्याच दशकाच्या आसपास इथिओपियात चापू या नावानं जन्मलेला एक मुलगा मोखा, बगदाद अशा बाजारांतून विकला जात निजामशाहीत पोचला होता. त्याला विकत घेणारा चंगीझखान हा निजामशाहीचा पेशवा होता आणि तो स्वतःही हबशीच होता. दख्खनच्या सुलतानांना दरबारातल्या गटबाजीत असे लोक हवे असत ज्यांचे इथे भाऊबंद नाहीत, वतनं नाहीत, ज्यांची निष्ठा थेट मालकाच्या घराण्याशी आहे. मालक गेला की गुलाम बहुधा मोकळा होई आणि गाठीला युद्धकौशल्य असेल तर स्वतःचं पथक उभं करी. चापूचा मलिक अंबर झाला तो याच वाटेनं. चांदबिबीच्या वेळी नगरच्या वेढ्यात धावून येणारा अभंगखानही हबशीच आणि जंजिऱ्याचे सिद्दी तर मराठी माणसाला चांगलेच ठाऊक. या मुलखात आफ्रिकी सेनापती ही नवलाईची गोष्ट नव्हती.

शॅडोजवरचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. मोठ्या पाश्चात्त्य खेळांत पूर्व आशियाई पुरुष नायक म्हणून क्वचित दिसतो. जपानात घडणारा खेळ केला तेव्हाही त्याचा नंबर लागला नाही, ही जपानी खेळाडूंची खंत रास्त आहे. ती खंत यासुकेवर काढणं चूक, एवढंच. आणि या सगळ्या भांडणात खेळाचा नियम बघायचा राहूनच गेला. यासुके दणकट आहे, दारं फोडतो, पण त्याला नीट चढता येत नाही, लपता येत नाही. नाओए सडपातळ, चपळ, अंधारात वावरणारी. कथेनं यासुकेला मान दिला आहे, त्याला बुद्धी आणि दुःख दिलं आहे. नियमानं मात्र काळ्या पुरुषाला ताकद आणि बाईला चोरपावलं, ही जुनीच वाटणी केली. चेहऱ्यावरून महिनोन्महिने रण माजलं आणि या वाटणीबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

खिंडार आणि बांध

उद्या कुणी मलिक अंबरवर खेळ केला तर त्यालाही हाच साचा मिळेल, हे भय खरं आहे. १९९७ च्या 'फायनल फँटसी ७' मधला बॅरेट, ज्याच्या हाताच्या जागी तोफ आहे, त्याच्यापासून पुढे काळा पुरुष म्हणजे आडदांड, गर्जना करणारा, मंद पण ताकदवान असा खाका पक्का बसला आहे. मलिक अंबर या खाक्याच्या बरोबर उलटा. त्याची ताकद हिशेबात होती. त्यानं जमिनीची प्रतवारी लावून सारा बांधला, खडकी वसवली आणि तिला नहरीनं पाणी दिलं, मराठा घोडेस्वारांच्या टोळ्या करून मोगलांची रसद तोडली.

नगर शहरापासून जवळच असलेल्या भातवडीला १६२४ मध्ये त्यानं जे केलं ते बघावं. मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र चालून आलेल्या. अंबरनं थेट भिडण्याचं टाळलं. तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत आणि तळावर पाणी सोडलं, चिखलात तोफा आणि जनावरं रुतवली, दाणावैरण बंद केली आणि रात्री छापे घालून झोप उडवली. फौज उपाशी आणि बेजार झाली, माणसं फुटायला लागली, तेव्हा त्यानं खरा घाव घातला. शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. या लढाईचा खेळ करायचा तर अंबरच्या हाती आधी पाणी, दाणा आणि वेळ द्यावा लागेल. तलवार सगळ्यांत शेवटी. खेळणाऱ्याला पावसाचा अंदाज घ्यावा लागेल, बांध कोणत्या रात्री फोडायचा हे ठरवावं लागेल.

चांदबिबीचंही तसंच. १५९५ च्या डिसेंबरात शहजादा मुराद नगरच्या भुईकोटाला वेढा घालून बसला. आज सैन्याच्या ताब्यात असलेल्या या किल्ल्याचा रुंद खंदक आणि जाड तट बघितला की त्याला शिडी लावून चढण्याचा विचार कुणी का केला नाही ते कळतं. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांनी काही वेळीच हुडकून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. तेव्हा बुरखा घेऊन, नंगी तलवार हाती धरून चांदबिबी खिंडारात येऊन उभी राहिली, हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. खेळात ते हमखास येईल. त्या चित्राइतकंच मोठं काम नंतरच्या काही तासांत झालं: दिवसभर हल्ले थोपवून रात्रीत तट पुन्हा चढवला गेला. दगड, माती, हाती लागेल ते सामान, मशालीच्या उजेडात गवंडी आणि बिगारी, आणि त्यांना खिंडारापाशी टिकवून धरणारी पन्नाशीच्या जवळ आलेली बाई. सकाळी मोगलांना समोर पुन्हा भिंत दिसली. पुढे वऱ्हाड देऊन तह झाला आणि किल्ला वाचला. तिच्या हाती फक्त तलवार देणारा खेळ तिला छोटं करील. १६०० मध्ये ती मोगलांना फितूर झाल्याची हूल उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. म्हणजे माणसं आपल्या बाजूला राखण्याचा आकडा या खेळात तलवारीच्या आकड्याहून महत्त्वाचा ठरतो. नगरपासून पाथर्डीकडे जाताना डोंगरावर दिसणारी तीन मजली अष्टकोनी वास्तू सलाबतखानाची कबर आहे, तरी लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. तिला कुठेतरी उंचावर ठेवायचं ही लोकांची इच्छा त्यात दिसते.

पुण्याचा रस्ता

असे खेळ कोण करणार, याचं उत्तर सव्वाशे किलोमीटरवर आहे. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे. 'इंडस' हा भारतीय धाटणीचा लढाईचा खेळ २०२४ मध्ये आणणारी सुपरगेमिंग पुण्याचीच. आणि 'राजी' करणारी नॉडिंग हेड्स ही छोटी मंडळीही पुण्याचीच. 'राजी' २०२० मध्ये निघाला. लोकांकडून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न आधी फसला होता. तरी खेळ पुरा झाला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनांत पोचला. त्याच्या कलादिग्दर्शक आणि सहसंस्थापक श्रुती घोष. नायिका राजी ही कसरती करणारी अनाथ मुलगी, राक्षसानं पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली.

भारतीय बाई पडद्यावर आली की देवीचं शस्त्र घेऊनच का येते, असा आक्षेप राजीवर घेता येईल, कारण तिलाही दुर्गेकडून त्रिशूळ मिळतो. पण तिची चाल बघण्यासारखी आहे. भिंतीवरून धावणं, खांबाला गिरकी घेऊन उडणं, हवेतून वार करणं, हे सगळं तिच्या पोटापाण्याच्या धंद्यातून आलेलं आहे. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीला आपण रस्त्यात घटकाभर बघतो आणि नाणं टाकून पुढे जातो. तिच्याच कसबाला राजीत बळाचं रूप मिळालं. नियमाचं टेबल कुणाच्या ताब्यात आहे यानं किती फरक पडतो ते इथे दिसतं.

बाई नायिका असेल तर खेळ खपत नाही, हे कारण मोठ्या कंपन्या फार वर्षं देत आल्या. २०१४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी'त स्त्रीपात्र नाही ते काम दुप्पट वाढेल म्हणून, असं सांगितलं गेलं. मालिकेच्या आधीच्या खेळावर काम केलेले ॲनिमेटर जोनाथन कूपर यांनी तेव्हाच जाहीरपणे सांगितलं की हे एक-दोन दिवसांचं काम आहे. हालचालींचा सांगाडा एकदा बांधला की बराचसा दोघांनाही चालतो, हे त्या धंद्यातल्या माणसाला माहीत असतं. याच मालिकेतल्या २०१८ च्या 'ओडिसी'त कॅसँड्रा ही एकटीच नायिका असायची होती आणि विक्रीच्या धास्तीनं तिच्या जोडीला पुरुष पर्याय आला, हे ब्लूमबर्गनं २०२० मध्ये उघड केलं. दरम्यान 'होरायझन झीरो डॉन'ची एलॉय कोट्यवधी खेळाडूंनी घरी नेली होती. खपाचं कारण आकड्यांपुढे टिकलं नाही. ते केवळ सवयीनं चालू राहिलं.

फोन कुणाच्या हातात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. घरात एकच बरा फोन असेल तर संध्याकाळी तो बहुतेक वेळा मुलाच्या हातात असतो आणि मुलगी त्या वेळी स्वयंपाकघरात असते. जी मुलगी खेळते ती पुष्कळदा माइक बंद ठेवते, नाव मुलाचं घेते. आवाज मुलीचा आहे कळलं की अर्धी लॉबी खेळ सोडून तिच्या मागे लागते. तिला केलीचा वेग मिळतो, पण 'उजवीकडून येतोय' एवढं ओरडून सांगण्याची सोय मिळत नाही आणि स्क्वॉडच्या खेळात त्यावाचून जिंकता येत नाही. हा नियम कंपनीनं लिहिलेला नाही, खेळणाऱ्यांनी लिहिला आहे, म्हणून तो बदलायला नवी आवृत्ती लागत नाही.

अहिल्याबाईंवरही कधीतरी खेळ होईल. हातात शिवलिंग घेतलेली शुभ्रवस्त्रा मूर्ती उभी करून वर एखादी लढाई चिकटवण्याचा मोह होईलच. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधल्या त्या काशीपासून रामेश्वरापर्यंत, स्वतःच्या राज्याच्या सीमेबाहेरही. नगर वसवण्याच्या, पैसा आणि पाणी खेळवण्याच्या खेळांची जगात मोठी परंपरा आहे आणि त्यांचे चाहते लाखोंनी आहेत. त्यात हे काम चपखल बसतं. खासगीतला पैसा कुठे लावायचा, दुष्काळात आधी कुठली बारव उपसायची, तक्रार घेऊन आलेल्या रयतेला किती वेळ द्यायचा, हेच त्या खेळातले डाव.

पुण्यातल्या स्टुडिओत नवख्याची सुरुवात बहुधा खेळ तपासण्याच्या कामापासून होते. तिथे मुलाखतीत विचारतात की काय काय खेळला आहात, त्यातली कुठली चाल चुकीची वाटली आणि का. नगरच्या कॉलेजात एकाच वर्गात शिकलेल्या मुलामुलींपैकी ज्याच्या हातात दहा वर्षं संध्याकाळचा फोन होता त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. त्याच्या वर्गातल्या मुलीकडे ते असावं अशी इच्छा असेल तर आज रात्रीच्या जेवणानंतर घरातला फोन तासभर तिच्याकडे द्यावा लागेल आणि तोही ती काय खेळते ते तिच्या खांद्यावरून डोकावून न बघता.